मुंबईत उतरायचं कुठं?

परीक्षा संपत आल्या, की आमच्या बार्शीतल्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. ‘यंदा पोरांना मुंबई दाखवायची म्हणतोय, कुठं उतरावं हो?’ गटाच्या बायकांना घेऊन मी ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनाच्या निमित्तानं मुंबईला जात-येत असते, शिवाय घरच्या मंडळींच्याही दोन सहली तिथं झाल्या. म्हणून हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडं येतो. मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, ‘खोली कोण बघणार?’ उत्तर बहुतेक ठरलेलं. ‘हे बघतील’ किंवा ‘भाचा मोबाइलवर बघतोय.’

माझं म्हणणं इथंच सुरू होतं. सहलीचा डबा कोण करणार, कपडे कोण भरणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण लक्षात ठेवणार, हे सगळं आपल्याकडं. मग ज्या खोलीत ही सगळी माणसं तीन दिवस राहणार, ती खोली मात्र घरातल्या कुणी तरी नुसता दर बघून ठरवायची, हे कसं? पुरुषांना नावं ठेवायची म्हणून मी हे म्हणत नाही. त्यांनी दर बघावा, जरूर बघावा. पण कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं, कुठल्या मुलीची पाळी त्याच दिवसांत येणार आहे, हे घरात ज्या बाईला ठाऊक असतं, तिनंच उतरायची जागा पारखावी.

आपल्या बोलण्यातली एक गंमत बघा. ‘हॉटेल’ म्हटलं, की आपल्यासमोर मिसळ आणि चहा येतो. राहायच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना घरातली मोठी माणसं अजूनही जरा आवाज खाली करतात. म्हणून तर पूर्वी सहल ठरली, की मुंबईत कुणाचा दीर, कुणाचा मावसभाऊ राहतो याची चौकशी व्हायची आणि सहा माणसं त्या बिचाऱ्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत जाऊन पडायची. यजमानीणबाईंची काय अवस्था होत असेल, ते आपण बायकाच जाणोत. आता तो संकोच गेला आहे, ते बरंच झालं. स्वतःच्या पैशानं स्वतःची खोली घ्यावी. फक्त ती विचारानं घ्यावी.

आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. सहा माणसं, त्यात दोन म्हातारी आणि दोन मुलं. मुलानं मोबाइलवर शोधून अंधेरीला, विमानतळाच्या बाजूला खोल्या घेतल्या. फोटो सुरेख, दर कमी. घरी सगळे खूश. मुंबईत गेल्यावर कळलं, की बघायचं ते सगळं दुसऱ्या टोकाला. गेटवे ऑफ इंडिया तिथून साधारण २५ किलोमीटर. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसं बसतात, म्हणजे सहा जणांना टॅक्सी दोन. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत टॅक्सीचे दर वाढले, पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले. त्या दरानं २५ किलोमीटरचे एका टॅक्सीचे पाचशेच्या वर होतात. दोन टॅक्सींचे हजार, जाऊन-येऊन दोन हजार, आणि हे एका दिवसाचं. खोलीत रोजचे सात-आठशे वाचवले आणि रस्त्यात दोन हजार घातले!

कुणी म्हणेल, लोकलनं जावं की, तिकीट किती स्वस्त! खरं आहे. पण सकाळी दक्षिण मुंबईकडं जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी लोकल ज्यांनी पाहिली आहे, त्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्यात चढायचा सल्ला देणार नाहीत. घरच्या बायका महिलांच्या डब्यात, पुरुष दुसऱ्या डब्यात, आणि कुठल्या स्थानकावर उतरायचं याची फोनवर ओरडाओरड, हे निराळंच. त्या कुटुंबानं पहिल्या दिवशी गेटवे आणि संग्रहालय केलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं ‘तुम्ही जा, आम्ही पडतो’ म्हणून खोलीतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला आलेल्या त्या आजींनी दुसरा दिवस अंधेरीतल्या चार भिंती बघत काढला. पैशाचं सोडा, मला तेच फार लागलं.

म्हणून मी सांगते, आधी घरी बसून काय काय बघायचं त्याची यादी करा आणि मग मुंबईच्या नकाशावर बोट ठेवा. आपल्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांची यादी साधारण सारखीच असते. गेटवे, तिथून बोटीनं घारापुरीची लेणी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली. आणि खुद्द छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपली सीएसएमटी. ही इमारत २००४ सालापासून जागतिक वारसा आहे आणि ती बघायला तिकीट लागत नाही, आपण तर गाडीतून तिथंच उतरतो. हे सगळं शहराच्या दक्षिण भागात आणि दादरपर्यंत येतं. त्यामुळं उतरायला दोनच भाग मला सोयीचे वाटतात. एक सीएसएमटी-फोर्टचा परिसर आणि दुसरा दादर.

फोर्टात उतरलात, तर गेटवे, संग्रहालय, मरीन ड्राइव्ह जवळ. टॅक्सीला थोडक्यात भागतं. जुन्या इमारतींमध्ये साधे लॉज आहेत, बरे पैसे मोजायची तयारी असेल तर चांगली हॉटेलंही आहेत. मादाम कामा रस्त्यावर वायडब्ल्यूसीएचं अतिथीगृह आहे. स्त्रियांच्या संस्थेचं असलं, तरी तिथं कुटुंबंही राहतात. पण ते अगदी स्वस्त नव्हे आणि आधी बुकिंग करावं लागतं. फोर्टाची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. हा कचेऱ्यांचा भाग. रविवारी बरंचसं बंद असतं आणि रस्ते सुने होतात. सकाळी लहान मुलांना दूध नि म्हाताऱ्यांना गरम नाश्ता शोधत फिरायची वेळ येते.

दादरला तसं होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात, मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे तिथं मिळतात आणि दादरहून सीएसएमटीचं लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपये आहे. दुपारच्या वेळी गर्दीही सोसवेल इतकी असते. खायचं म्हणाल तर ‘आस्वाद’, ‘प्रकाश’सारखी मराठी चवीची ठिकाणं आहेत. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष. आमच्या सासूबाईंना परगावचं जेवण चालत नाही, त्यांचं तिथं निभावलं. सिद्धिविनायक जवळ, शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी जवळ. फक्त तारखा बघून जा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो माणसं दादरला येतात, त्या दिवसांत पर्यटनासाठी तिथं खोली अडवू नये असं मला वाटतं. गणपतीत आणि नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यातही खोल्या भरलेल्या आणि दर चढलेले असतात.

अलीकडं एका गोष्टीनं हा हिशोब पुष्कळ सोपा केला आहे. भुयारी मेट्रो! आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. दादर, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी स्थानकं एकाच मार्गावर आहेत. तिकीट १० ते ७० रुपये. स्थानकात सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, आत गारवा आणि स्वच्छता. आमच्या ७६ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन आम्ही डिसेंबर २०२५ मध्ये गेलो, तेव्हा लोकलला घाबरणाऱ्या सासूबाई मेट्रोत खिडकीपाशी बसून ‘अगं, बाहेर काहीच दिसत नाही की!’ म्हणून तक्रार करत होत्या. तेव्हा खोली घेताना ‘मेट्रोचं स्थानक किती लांब?’ हे जरूर विचारा. आणि हे अंतर मिनिटांत विचारा. ‘जवळच आहे’ या उत्तराला मुंबईत काही अर्थ नाही.

जागा जवळ घ्यायचं आणखी एक कारण आहे, ते पुरुषांच्या हिशोबात कधीच येत नाही. बाईमाणसाला बाहेर स्वच्छतागृहाची पंचाईत. मुंबईत २०११ पासून सामाजिक संस्थांनी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली, ती याच कारणासाठी. सार्वजनिक मुतारीत पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा अन्याय त्या चळवळीनं चव्हाट्यावर आणला. परिस्थिती थोडी सुधारली असली, तरी आजही सहलीला निघालेल्या बायका सकाळपासून पाणी न पिता हिंडतात. उन्हाळ्यात, घामाच्या शहरात! रात्री डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते आणि आपण म्हणतो, प्रवास बाधला. खोली वीस मिनिटांवर असेल, तर दुपारी परत येता येतं. घारापुरीला जाऊन यायला अर्धा दिवस जातो. एका बाजूनं बोटीचाच तासभर, वर शंभर-सव्वाशे पायऱ्या. (लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, यावरून दिवस ठरवा.) तिथून परतल्यावर आम्ही खोलीवर आलो. हातपाय धुतले, दोन तास सगळे आडवे झालो. संध्याकाळी सासूबाई मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रात्री आठपर्यंत समुद्र बघत बसल्या. उठायलाच तयार नव्हत्या. दुपारची ती झोप मिळाली नसती, तर त्यांनी समुद्र बघितलाच नसता.

आता फोनविषयी. मोबाइलवर खोली बघा, दर बघा, लोकांनी लिहिलेले बरे-वाईट शेरे वाचा. वाईट शेरे आधी वाचा. पण पैसे भरण्याआधी त्या हॉटेलात स्वतः फोन करा. आणि फोन बाईनं करावा. काय विचारायचं हे आपल्याला ठाऊक असतं आणि समोरचा माणूस बाईशी कसा बोलतो, यावरूनही जागेचा अंदाज येतो.

‘लिफ्ट आहे का?’ असं विचारलं, तर ‘आहे’ असंच उत्तर येतं. जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतो. एका ठिकाणी लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत पोहोचायलाच चौदा उंच पायऱ्या होत्या. तेव्हा विचारायचं असं, ‘रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? आणि लिफ्ट रात्री चालू असते का?’ संडास भारतीय पद्धतीचा की कमोडचा, हे विचारायला लाजू नका. आमच्या सासूबाईंना कमोडशिवाय चालत नाही आणि माझ्या जाऊबाईंच्या आईंना कमोड चालत नाही! गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, हेही विचारून घ्या. खूप स्वस्त खोली असेल, तर संडास-न्हाणीघर बहुधा खोलीबाहेर, चौघांत सामाईक असतं. चार पुरुष मित्रांना ते चालेल. वयात आलेल्या मुली बरोबर असताना मी तरी दोनशे रुपये जास्त देऊन आतलं न्हाणीघर असलेलीच खोली घेईन. पाळीच्या दिवसांत तर दुसरा विचारच नको. न्हाणीघराचा आणि दाराच्या आतल्या कडीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. मी मागवते. जे पाठवत नाहीत त्यांचा नाद सोडते.

‘फॅमिली रूम’ म्हणजे किती माणसं, जादा गादीचे किती, मुलांचे वेगळे लावता का, हे आधी ठरवून घ्या. दोन खोल्या घेणार असाल, तर शेजारी शेजारी आणि एकाच मजल्यावर मागा. सांगितलेला दर कर धरून आहे का, हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. जुन्या टक्क्यानं बिल लावलं, तर शांतपणे विचारा. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, नुसतं कुटुंबप्रमुखाचं चालत नाही. आधारच्या झेरॉक्स द्यायच्याच असतील, तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करता येतं, ते द्यावं.

आणि वेळेचा घोळ. आपल्या गाड्या रात्रीच्या. आम्ही कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरतो, कोल्हापूरकरांची महालक्ष्मी, नागपूरकडच्यांची विदर्भ, मराठवाड्यातल्यांची देवगिरी. सगळ्या सकाळी सकाळीच मुंबईत आणून सोडतात. आणि पुष्कळ हॉटेलांत खोली मिळते दुपारी १२ वाजता! तोंड न धुतलेली सहा माणसं बोचकी घेऊन पाच तास कुठं बसणार? काही लॉजमध्ये २४ तासांचा हिशोब असतो, म्हणजे सकाळी ७ ला शिरलात तर दुसऱ्या दिवशी ७ पर्यंत तुमची खोली. आपल्यासाठी हे चांगलं. नाहीतर ‘सकाळी सातला खोली द्याल का, जादा किती घ्याल?’ हे आधी ठरवून, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तिकीट पक्कं असेल, तर रेल्वेच्या विश्रामकक्षासाठीही पीएनआर क्रमांक देऊन ऑनलाइन प्रयत्न करता येतो. मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटीला ‘पॉड’ हॉटेलं निघाली, म्हणजे एकेका माणसाला झोपायला कप्पा. तरुण पोरांना मजा वाटते, पण म्हाताऱ्या माणसाला कप्प्यात चढवायची कल्पना मला करवत नाही.

स्वस्त म्हणून कुणी धर्मशाळा सुचवतात. त्याबद्दल एक सांगायचंच आहे. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा परळ भागातल्या तशा जागा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहेत. आपल्या तालुक्यातूनही कितीतरी जणी नवऱ्याच्या, मुलाच्या उपचारासाठी तिथं जातात. जागा मिळाली नाही, तर रुग्णालयासमोरच्या पदपथावर दिवस काढतात. मी स्वतः दोघींसाठी जागा मिळवायला फोन करकरून दमले आहे. ओळखीनं तिथं सहलीला उतरता येतं असं कुणी सांगितलं, तरी जाऊ नका.

पैसे पाठवताना डोळे उघडे ठेवा. यात्रेकरूंना खोट्या संकेतस्थळांवरून अतिथीगृहं आणि हॉटेलं दाखवून फसवलं जातं, म्हणून केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे विभागानं एप्रिल २०२५ मध्ये सावध केलं होतं. मोबाइलवर शोधल्यावर पहिला जो नंबर दिसतो, तो हॉटेलचाच असेल असं नाही. पुरे पैसे आधी मागणाऱ्याला, ‘एकच खोली राहिली आहे, पाच मिनिटांत भरा’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. एका रात्रीचे थोडे आगाऊ देऊन बाकी खोली बघून द्यायचे, हा माझा नियम. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, घरच्यांच्या भीतीनं दोन दिवस लपवून ठेवू नका.

पोहोचल्यावर पैसे मोजायच्या आधी खोलीत शिरा. नळ सोडा, कडी लावून बघा, खिडकी लागते का बघा, चादर उलटून बघा. व्यवस्थापक तोंड वाकडं करेल, करू दे.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी सोडायची आणि गाडी रात्रीची, असं होतं. बहुतेक हॉटेलं सामान दिवसभर ठेवून घेतात, पण तेही आधीच विचारा. नाहीतर स्टेशनवर सामानघर आहे. तिथं बॅगेला कुलूप असावंच लागतं. आपल्या नाड्यांच्या पिशव्या तिथं घेत नाहीत, तेव्हा निघतानाच दोन-तीन छोटी कुलपं बरोबर घ्या आणि किल्ल्या एकाच माणसाकडं द्या. आमच्याकडं त्या सासूबाईंच्या बटव्यात असतात.